काळ्या मातीवरचे घर : भिंतीतील भेगा आणि पायाचे दोष कसे ओळखावेत

मराठवाडा, विदर्भ, सोलापूर आणि अहिल्यानगर या काळ्या मातीच्या पट्ट्यात गेल्या काही दशकांत घरे गावठाणाबाहेर, शेतजमिनीवर सरकली आहेत. जुनी गावे बहुधा पांढरीवर, म्हणजे थोड्या उंच आणि टणक जागेवर वसत, आणि काळी पिकासाठी राखली जाई. आता एनए (बिगरशेती) होऊन विकले जाणारे भूखंड त्याच काळीत असतात, आणि तिच्यावर जेमतेम दोन-तीन फूट खोल पाया घेऊन उभ्या राहिलेल्या घराच्या भिंतीत पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच भेगा दिसू लागतात. घरमालक गवंड्याला बोलावतो, गवंडी भेग सिमेंटने लिंपून वर रंग देतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात भेग त्याच जागी पुन्हा उघडते. भेग बुजवण्याआधी ती कशामुळे पडली हे ठरवले पाहिजे, हा या लेखाचा आग्रह आहे. ते ठरवण्याची बरीचशी कामे घरमालकाला साध्या साधनांनी स्वतः करता येतात.

वाट पाहू नये अशा खुणा

भेगांचे निरीक्षण काही महिने करायचे असते, पण घर तेवढे थांबू शकते का, हे आधी पाहावे. आरसीसीच्या, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या खांब-तुळयांवर उभ्या घरात खांबावर तिरपी भेग पडली असेल, तुळई खांबाला मिळते तिथे तिच्या अंगावर तिरकी भेग असेल, काँक्रीट चुरा होऊन सुटत असेल किंवा उघड्या पडलेल्या सळया वाकलेल्या दिसत असतील, तर प्रश्न भिंतीचा राहत नाही, सांगाड्याचा होतो. कोणत्याही प्रकारच्या घरात भिंतीला पोट येणे, भेगेची एक कड दुसरीच्या पुढे सरकलेली असणे, भेगेतून बाहेरचा उजेड दिसणे, काल सहज लागणारी दारे आज अचानक घट्ट होणे, किंवा भिंतीतून-छतातून कडकड आवाज येऊन गिलाव्याचे तुकडे पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्या भागातून माणसे त्याच दिवशी बाहेर काढावीत, गॅस सिलिंडर हलवावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. टेकू कुठे आणि किती द्यायचे हेही त्यालाच ठरवू द्यावे, कारण चुकीच्या जागी लावलेला टेकू छताचा भार नको तिथे ढकलतो.

दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, असलेल्या जुन्या घरांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. अशी भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी ती मुळात दगडांच्या दोन थरांची असते आणि मध्ये माती व लहान चिपा भरलेल्या असतात. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड घातलेले नसतील, तर आत पाणी मुरून ते थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत फुगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत जी घरे कोसळली, त्यांपैकी फार मोठा भाग अशाच भिंतींचा आणि मातीच्या जड माळवदांचा होता. तेव्हा अशा घरात भेग बारीक असली तरी भिंतीच्या फुगवट्याकडे दुर्लक्ष करू नये. माळवदावर वर्षानुवर्षे चढवलेली जास्तीची माती उतरवणे आणि ठरावीक अंतरावर भिंतीला आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीटचे बंध ओतणे, हे त्यावरचे रुळलेले उपाय आहेत.

कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर काळ्या मातीचा प्रश्न नसतो, पण तिथे घराच्या भेगेइतकीच घरामागच्या जमिनीची भेग महत्त्वाची असते. पावसाळ्यात उतारावर नवी, लांबत जाणारी भेग दिसली, झाडे वा विजेचे खांब कलू लागले, किंवा नेहमीच्या झऱ्याला अचानक गढूळ पाणी येऊ लागले, तर घराची दुरुस्ती हा विषय बाजूला ठेवून ते घर सोडावे आणि ग्रामपंचायतीला व तहसील कार्यालयाला कळवावे. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) येथे जीव गेले ते उतार सरकल्यामुळे. तिथे पक्के घरही माणसाला वाचवू शकत नाही.

काळी माती घराखाली काय करते

बेसॉल्टच्या झिजेतून तयार झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. त्याच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी निघून गेले की आकसते. शेतात मे महिन्यात पडणाऱ्या, हात आत जाईल अशा भेगा सर्वांनी पाहिल्या आहेत. तीच हालचाल घराच्या पायाखालीही होते. ऋतूनुसार ओलावा बदलणारा थर आपल्याकडे साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत धरला जातो, आणि म्हणूनच दोन-तीन फुटांवर टेकलेला पाया दरवर्षी वर-खाली होतो.

ही हालचाल सगळ्या घराखाली सारखी होत नाही, आणि भेगांचे मूळ तिथेच आहे. फरशीखालची माती झाकलेली असल्याने ती फारशी वाळत नाही. कडेची, विशेषतः कोपऱ्यांतली माती मात्र दोन बाजूंनी उन्हाला उघडी असते. उन्हाळ्यात कोपरे खाली जातात आणि मधला भाग जागेवर राहतो. पावसाळ्यात कडेची माती फुगून कोपरे परत वर येतात. काही वर्षांत मधल्या मातीत ओलावा साठत जातो आणि मग हॉलमधली फरशी मध्यभागी फुगते, थेट फरशीवर उभारलेल्या साडेचार इंची आडभिंती तडकतात.

माती किती फुगणारी आहे हे तपासण्याची चाचणी साधी आहे. वाळवून, कुटून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली प्रत्येकी १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत घ्यायची, एकीत ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसरीत रॉकेल भरायचे, आणि २४ तासांनी दोन्हींतील मातीचे घनफळ पाहायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील वाढ रॉकेलमधील घनफळाच्या ५० टक्क्यांहून अधिक असेल, तर ती माती अतिशय फुगणारी मानली जाते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि खासगी माती-परीक्षण प्रयोगशाळांत ही चाचणी होते, आणि घर बांधण्याआधी ती करून घेणे नंतरच्या कोणत्याही दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

पहिली पायरी : भेगांची नोंद

प्रत्येक भिंतीचे साधे चित्र कागदावर काढावे, आतून एक आणि बाहेरून एक. त्यात दारे, खिडक्या, खांब, तुळया दाखवाव्यात आणि प्रत्येक भेगेला क्रमांक द्यावा. भिंतीवर भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहावी. भेग पुढे सरकली तर ती त्या रेघेच्या पलीकडे गेलेली दिसते. फोटो काढताना भेगेशेजारी मोजपट्टी धरावी, नाहीतर सहा महिन्यांनी दोन फोटो जुळवून काहीच कळत नाही. एकच भेग आत आणि बाहेर समोरासमोर आहे का, हे या चित्रांवरून लगेच लक्षात येते, आणि तसे असेल तर ती भिंतीच्या आरपार आहे असे धरून पुढचा विचार करावा.

रुंदी मोजण्यासाठी गॅरेजमध्ये वापरले जाणारे फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच, उत्तम. ते नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर आणि एटीएम कार्ड सुमारे ०.७५ मिलिमीटर जाड असते, एवढे लक्षात ठेवले तरी काम भागते. जिथे कार्डही शिरत नाही ती भेग १ मिलिमीटरच्या आतली आहे. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने घरांसाठी केलेली वर्गवारी जगभर वापरली जाते. तिच्यानुसार १ मिलिमीटरपर्यंतची भेग रंगकामात झाकण्याजोगी, ५ मिलिमीटरपर्यंतची भरून घेण्याजोगी, ५ ते १५ मिलिमीटरची भेग म्हणजे दारे-खिडक्या अडकू लागतील अशी अवस्था, १५ ते २५ मिलिमीटरला भिंतीचा भाग उतरवून पुन्हा बांधावा लागतो, आणि २५ च्या पुढे घराच्या स्थैर्याचाच प्रश्न उभा राहतो. तरीही केवळ रुंदीवर विसंबू नये. दोन मिलिमीटरची वाढती भेग ही दहा वर्षे जागची न हललेल्या सहा मिलिमीटरच्या भेगेपेक्षा अधिक चिंतेची असते.

दुसरी पायरी : भेग गिलाव्यात आहे की भिंतीत

इथे सर्वाधिक घबराट आणि सर्वाधिक वायफळ खर्च टाळता येतो. हातोडीच्या दांड्याने गिलावा हलकेच ठोकून पाहावा; बद्द आवाज आला तर गिलावा भिंतीपासून सुटला आहे. मग भेगेच्या वाटेवर चारेक इंच रुंदीची पट्टी उकरून आतली वीट पाहावी. वीट आणि तिच्या सांध्यातले सिमेंट अखंड असेल, तर पायाचा संशय त्या भेगेपुरता तरी सोडून द्यावा.

जाळ्यासारख्या, एकमेकींना छेदणाऱ्या केसाएवढ्या भेगा गिलावा लवकर वाळल्याच्या किंवा त्यावर पाणी कमी मारल्याच्या असतात. वायरिंगच्या पाइपासाठी घेतलेल्या खाचेवरून जाणारी सरळ रेघही निरुपद्रवी असते. तुळईखाली आडवी आणि खांबाला लागून उभी अशी सरळ भेग आरसीसीच्या घरांत फार आढळते. काँक्रीट आणि वीटकाम वेगवेगळ्या प्रमाणात आकसते, प्रसरण पावते, म्हणून सांध्यावर गिलावा फाटतो. गिलाव्याआधी तिथे कोंबडीजाळी ठोकली असती तर ती बहुधा पडली नसती. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली, भिंतीच्या माथ्याशी धावणारी आडवी भेग उन्हाची असते. स्लॅब तापून पसरतो आणि भिंतीला ढकलतो, म्हणून ती दक्षिणेकडच्या व पश्चिमेकडच्या भिंतींवर अधिक ठळक दिसते. तिच्यावरचा उपाय गच्चीवर आहे. पाया उकरून काही साधत नाही.

काँक्रीटच्या खांबावर मुख्य सळईच्या समांतर जाणारी, तांबूस डाग असलेली उभी भेग मात्र गंजाची असते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने तो आतून काँक्रीट फोडतो. ही भेग पायाची नसली तरी टाळण्यासारखी मुळीच नाही, आणि ती वरून लिंपल्यास गंज आत वाढतच राहतो.

तिसरी पायरी : पायाच्या भेगेची दिशा

पायाच्या हालचालीची भेग बहुधा तिरपी असते, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढते आणि दार-खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून सुरू होते, कारण उघडी जागा हा भिंतीचा सर्वांत कमकुवत भाग असतो. तिच्याकडून दोन गोष्टी विचाराव्यात : ती कुठल्या बाजूला चढते, आणि कुठे अधिक रुंद आहे. तिरपी भेग वर चढत जाताना बहुतेक वेळा त्याच बाजूला झुकते जिकडचा पाया खचला आहे. भिंतीचे टोक वा कोपरा खाली गेला असेल तर भेग वर रुंद आणि खाली निमुळती असते. भिंतीचा मधला भाग बसला असेल तर ती खाली रुंद असते आणि दोन्हीकडच्या भेगा मिळून कमानीसारखा आकार तयार होतो. काळ्या मातीवरच्या घरात उन्हाळ्यात दिसते ते बहुधा पहिले चित्र : कोपऱ्यालगतच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून स्लॅबकडे जाणारी, वर फाकलेली भेग.

जुन्या घराला नंतर खोली जोडली असेल, तर दोन्हींच्या सांध्यावर सरळ उभी भेग पडते. जुना भाग बसून स्थिर झालेला असतो आणि नवा भाग आता बसत असतो. दोघांना सिमेंटने घट्ट बांधण्यापेक्षा तिथे मोकळा सांधा ठेवून तो लवचीक सीलंटने भरणे योग्य. घराचा अर्धा भाग कापलेल्या टणक जमिनीवर आणि अर्धा भरावावर असेल तर भेग नेमकी त्या सीमेवर उमटते, आणि हा प्रकार अधिक गंभीर आहे, कारण नीट दाबला न गेलेला भराव वर्षानुवर्षे, प्रत्येक मोठ्या पावसानंतर बसत राहतो.

चौथी पायरी : ओळंबा आणि पाण्याची नळी

भिंत कलली आहे का, हे गवंड्याच्या ओळंब्याने पाहावे. पातळी तपासण्यासाठी पारदर्शक लेव्हल पाइप पाण्याने भरावा, आत हवेचे बुडबुडे नाहीत याची खात्री करावी, आणि घराच्या चारही कोपऱ्यांवर बाहेरून पाण्याची पातळी खुणावावी. त्या खुणांपासून जोत्याच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले की कोणता कोपरा किती खाली आहे हे कळते. फरशीवरून हे ठरवू नये, कारण फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो. दोन बिंदूंमध्ये ३ मीटरला १० मिलिमीटर, म्हणजे तीनशेत एक, एवढा फरक पडला की विटांच्या भिंती तडकू लागतात. ३ मीटरला २० मिलिमीटरपर्यंत फरक गेला तर सांगाड्यालाही इजा संभवते. अर्थात काही फरक बांधतानाच राहिलेला असू शकतो, म्हणून एकदाच मोजून निष्कर्ष काढू नये.

पाचवी पायरी : एक उन्हाळा, एक पावसाळा

माझ्या मते संपूर्ण तपासणीत हा भाग सर्वांत मोलाचा आहे आणि नेमका तोच गाळला जातो. भेगेच्या दोन्ही बाजूंना, गिलावा काढून थेट विटेत, एकेक बारीक स्क्रू बसवावा आणि त्यांच्या डोक्यांमधले अंतर व्हर्निअर कॅलिपरने दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी मोजून, शेजारी पावसाची नोंद करून वहीत लिहावे. कॅलिपर नसेल तर भेगेवर आडवी पातळ काचपट्टी दोन्ही टोकांना चिकटवावी. भिंत हलली की काच तडकते. काच हालचाल झाली एवढेच सांगते, स्क्रू भेग किती उघडली वा मिटली हे सांगतात.

मे महिन्यात सर्वाधिक उघडणारी आणि सप्टेंबरपर्यंत बरीचशी मिटणारी भेग माती फुगण्या-आकसण्याची आहे. ऋतू कोणताही असो, दर महिन्याला रुंदावतच जाणारी भेग पाया खचत असल्याची असते, आणि तिच्यासाठी पूर्ण वर्ष थांबू नये. सलग दोन-तीन नोंदी वाढत्या आल्या की इंजिनिअरला बोलवावे. वर्षभर जराही न हललेली भेग जुन्या, संपलेल्या हालचालीची आहे आणि ती निश्चिंतपणे बुजवावी.

सहावी पायरी : पाणी कुठे जाते

वर्षाच्या नोंदी चालू असतानाच घराभोवती फिरून पाणी शोधावे. गच्चीच्या पन्हाळीचे पाणी जोत्याच्या पायथ्याशी पडते का, मोरीचे चेंबर फुटले आहे का, शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी भिंतीला खेटून आहे का, जमिनीखालच्या टाकीला गळती आहे का, हे एकेक करून तपासावे. घरातले सर्व नळ बंद ठेवून रात्रभर मीटर वा टाकीची पातळी पाहिली तर लपलेली गळती सापडते. भिंतीला लागून केलेली बागही विचारात घ्यावी, कारण एकाच बाजूला रोज पाणी दिले की ती बाजू फुगते आणि दुसरी कोरडी राहून आकसते. याच्या उलट, पिंपळ, उंबर, वड किंवा निलगिरीसारखे झाड कोपऱ्याजवळ असेल तर ते त्या कोपऱ्याखालचा ओलावा ओढून घेते. मोठे जुने झाड घाईने तोडणे मात्र धोक्याचे आहे, कारण त्याने सुकवून ठेवलेली माती पुन्हा ओली होऊन फुगते. फांद्या टप्प्याटप्प्याने कमी कराव्यात, आणि तोडायचेच असल्यास आवश्यक परवानगी घेऊन व इंजिनिअरच्या सल्ल्यानेच तोडावे. शेजारच्या भूखंडावर तळघरासाठी खोल खड्डा खणला जात असेल, तर खोदाई सुरू होण्यापूर्वीच आपल्या घराचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत.

दुरुस्तीचा क्रम

आधी पाणी, मग पाया, आणि भेग सर्वांत शेवटी. घराभोवती किमान एक मीटर, शक्य असल्यास त्याहून रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेला काँक्रीटचा पट्टा करावा. त्याखालची काळी माती काढून मुरूम दाबून भरावा आणि पट्टा व जोते यांमधला सांधा डांबरी किंवा लवचीक सीलंटने बंद करावा. कडेची माती कोरडी-ओली होण्याचा वेग यामुळे मंदावतो, आणि पुष्कळ घरांत एवढ्यानेच भेगा आटोक्यात येतात. पन्हाळी पाइपाने या पट्ट्याच्या बाहेर, गटारात न्याव्यात.

पुढच्या डिसेंबर-जानेवारीत, भेग ना पूर्ण उघडी ना पूर्ण मिटलेली असताना, ती भरावी. अजून थोडी हलणारी भेग इंग्रजी व्ही आकारात कोरून लवचीक सीलंटने भरावी. हालचाल थांबलेली असेल तर भेगेत सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरता येते, सांध्यांत गंजरोधक सळया आडव्या बसवून दोन्ही बाजू शिवता येतात आणि वर जाळी ठोकून गिलावा करता येतो. मे महिन्यात भेग कडक सिमेंटने गच्च भरली, तर पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागाच उरत नाही आणि शेजारी नवी भेग पडते.

पायाखाली नवा आधार देण्याचे काम, ज्याला अंडरपिनिंग म्हणतात, घरमालक आणि गवंड्याने मिळून कधीही करू नये. ते एकेक मीटरच्या तुकड्यांत, एकाआड एक, आधीचा तुकडा पक्का झाल्यावरच पुढचा खणून करावे लागते. सलग चर खणल्यास भिंत खाली येते. इंजिनिअरला बोलावताना भेगांची चित्रे, महिन्यांच्या नोंदी, मातीच्या चाचणीचा निकाल आणि असल्यास मूळ नकाशा समोर ठेवावा, आणि त्याच्याकडून कारण, उपाय व उपायानंतर किती काळ मोजमाप चालू ठेवायचे, हे तिन्ही लेखी घ्यावे. पायाजवळ एक तपासणी-खड्डा खणून पाया प्रत्यक्ष किती खोल आणि कशावर टेकला आहे हे न पाहताच अंडरपिनिंग सुचवले गेले, तर दुसऱ्या इंजिनिअरचे मत घ्यावे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी हा विषय एकट्याच्या फ्लॅटपुरता ठेवू नये : आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढील इमारतीचे दर तीन वर्षांनी करायचे असते, आणि आपल्या भेगांची नोंद सचिवांकडे लेखी दिली की ती त्या परीक्षणात तपासून घेण्याचा आग्रह सभासदाला धरता येतो.